आत्याच्या पट्टीतली मिरची

आमच्या घरात सगळ्यांत कमी बोलणारं माणूस म्हणजे आत्या, आणि सगळ्यांत जास्त माणसं यायची ती तिच्याकडेच. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. कुणी न्यायला आलं नाही, तीही गेली नाही. आजोबांनी मरायच्या आधी विहिरीला लागून असलेली एक पट्टी तिला दिली. कागदावर नाही, तोंडी. पाच-सहा वाफे होतील एवढी जागा. भोकरदनच्या पुढं आमचं गाव; तिकडं एवढ्या तुकड्याला कुणी जमीन म्हणत नाही. पण आत्या त्या पट्टीत मिरची लावायची आणि त्या मिरचीचं बी न्यायला आसपासच्या गावांतून बायका यायच्या.

मिरची दिसायला काही खास नव्हती. बुटकी, जाड, टोकाशी जरा वाकलेली. वाळली की सुरकुत्या पडून काळपट लाल व्हायची. तिखट होती, पण नुसती झोंबायची नाही. फोडणीत पडली की गल्लीत कळायचं कुणाच्या घरी काय शिजतंय. दुसऱ्या तोडणीनंतर आत्या पट्टीत एकटीच फिरायची. कडेची झाडं सोडून मधली बघायची. ज्याचं पान निरोगी, ज्याच्या फांद्या जमिनीपासून चांगल्या वर फुटलेल्या, अशा झाडावरच्या चार-सहा मिरच्यांना लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. चिंधीची मिरची घरात कुणी तोडायची नाही. माझ्या वडिलांनी एकदा चुकून तोडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मी आत्याला भावावर ओरडताना ऐकलं.

बी ती विकत नव्हती. बायका येताना पसाभर मटकी आणत, नाहीतर घरचा लसूण, नाहीतर नुसत्याच येऊन बसत. आत्या गाडग्यातल्या राखेतलं बी चिमटीनं काढून फडक्यात बांधून द्यायची आणि प्रत्येकीला तेच सांगायची, "पहिल्या फळाचं बी धरू नको. आन दुसऱ्या मिरचीच्या शेजारी लावू नको, बिघडती." टाकलेल्या बाईला गावात कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. पण बियाण्याच्या दिवसांत ह्याच बायका आमच्या ओसरीवर बसून तिला "अक्का, अक्का" करायच्या. तेवढे आठ-पंधरा दिवस ती पाठ ताठ करून बसायची. हे मला तेव्हा दिसत होतं, त्याचा अर्थ मात्र फार उशिरा लागला.

मी कृषी पदविका केली आणि मला जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरी लागली. ऑफिस स्टेशनच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. काम फिरतीचं. गावोगावी जाऊन शेतकऱ्यांना कंपनीसाठी बियाण्याचे प्लॉट घ्यायला लावायचे, बायकांना क्रॉसिंग शिकवायचं, शेवटी माल तपासून उचलायचा. कंपनीची मोटारसायकल मिळाली. पहिल्यांदा ती घेऊन गावात गेलो तेव्हा आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"काय काम करतो म्हणं?"

"बियाण्याचं."

ती हसली. "मंग आपल्या घरातलंच की."

तिला फार आनंद झाला होता. आलेल्या बायकांना ती सांगायची, माझा भाचा बियाण्याच्या हापिसात हाये. त्या खुशीत तिनं मला तिच्या मिरचीचं मूठभर बी दिलं. मी ते ऑफिसात नेऊन संशोधन बघणाऱ्या साहेबांना दिलं. त्यांनी पाकिटावर नंबर घातला, शीतगृहात ठेवायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आत्याचं बी आता सुरक्षित झालं.

दुसऱ्या वर्षी मी आमच्याच गावात मिरचीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट आणले. गावातली बारा घरं तयार झाली. क्रॉसिंगसाठी बायका लागत. उमलायच्या बेतातली कळी चिमट्यानं अलगद फोडायची, आतला नर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या नराची भुकटी तिथं लावायची आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. दिवसभर वाकून हेच. मी चाळीस बायकांना शिकवलं. त्यांत सगळ्यांत चांगला हात आत्याचा. तिच्या चिमट्याखाली एक फूल गळायचं नाही. तिनं कधी चष्मा लावला नव्हता, आणि मी भिंगातून बघायचो ते ती नुसत्या डोळ्यांनी बघायची.

एकदा काम करता करता तिनं विचारलं, "ह्या मिरचीचं बी पुढल्या साली धरलं तर?"

"तसंच येत न्हाई, आत्या. एकाच सालापुरतं. पुन्हा नवं पाकीट घ्यावं लागतं."

"दर साली?"

"दर साली."

ती पुढच्या झाडाकडं सरकली.

पुढं जे झालं ते त्याच हंगामातलं. आमच्या शेजाऱ्याचा प्लॉट नाल्याच्या पलीकडं होता. नियम असा की बियाण्याच्या प्लॉटपासून ठरलेल्या अंतरात दुसरी कुठली मिरची नको. मधमाशी इकडचा पराग तिकडं नेते आणि बियाण्यात भेसळ होते. तपासणीत अशी मिरची दिसली किंवा भेसळ निघाली तर गावातल्या बाराही घरांचा माल नाकारला जाणार होता. हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. आत्याची पट्टी अंतरात येते हेही मला दिसत होतं. मी रोज त्या पट्टीजवळून जात होतो आणि उद्या बघू म्हणत होतो. मग तपासणीचा निरोप आला, परवा साहेब येणार.

मी टेप घेऊन अंतर मोजलं. मोजायची गरज नव्हती. आपल्या हातात काही नाही, टेपच सांगतेय, असं मला दाखवायचं होतं. आत्या विहिरीच्या काठावर बसून बघत होती.

"आत्या, ही मिरची काढावी लागती."

"काढावी म्हंजी?"

मी तिला मधमाशी, पराग, भेसळ, सगळं समजावून सांगायला लागलो. तिनं हात वर करून थांबवलं.

"मला नको शिकवू. मी बी तेच सांगते बायकांला. पण मी कुणाची उपटली न्हाई."

मग ती म्हणाली, "वीस दिस थांब. चिंध्या बांधल्यात. पिकू दे. मंग काढ."

चिंधीच्या मिरच्या अजून हिरव्या होत्या. हिरव्या मिरचीचं बी उगवत नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

"परवा साहेब येनार हाये."

"साहेबाला म्हणावं, म्हातारीची हाये."

"बारा घरांचा सवाल हाये, आत्या."

त्यावर ती पट्टीकडं वळली. मग म्हणाली, "मागल्या सालचं बी हाये गाडग्यात. पुढल्या साली लावीन." तिचं तिनंच स्वतःला समजावलं. मी लगेच "हां, पुढल्या साली लाव" म्हणालो. जरा जास्तच जल्दी म्हणालो.

"मंग तूच उपट," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला लावू नको."

मी उपटली. मिरचीचं झाड उपटायला जोर लागत नाही. ओल होती, मुळं सहज सुटून येत होती. एकेका झाडाला तीस-चाळीस मिरच्या लगडलेल्या. चिंध्या तशाच. अर्ध्या तासात पट्टी मोकळी झाली. ढीग बांधावर टाकला तेव्हा आत्या उठून आली, तिनं एकेक चिंधी सोडून घेतली आणि पदराला पुसून कनवटीला लावली. तपासणी बराबर झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. गावातल्या बारा घरांनी त्या वर्षी चांगला माल दिला आणि मला जत्रेत फेटा बांधला.

पुढल्या साली प्लॉट वाढले. गावाच्या चारी बाजूंनी मिरचीच झाली. आत्यानं रोपं टाकायच्या वेळेला मला विचारलं. मी म्हणालो, अवंदा जमनार न्हाई. ती म्हणाली, दारात एक कुंडी ठेवते, एकच झाड. मी म्हणालो, "आत्या, मधमाशीला दार काय आन शेत काय." उन्हाळ्यात लावते म्हणाली, तर उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या तळाला चिखल असतो. मग तिनं ज्या ज्या गावी बी दिलं होतं तिथं निरोप पाठवले, माझं बी वाढवून द्या म्हणून. तिथं कुणी प्लॉट घेतले होते, कुणी दुकानातलं पाकीट लावायला लागलं होतं. पाकिटातल्या मिरचीला झाडामागं फळं दुप्पट लागतात. त्यांना तरी काय म्हणणार?

तिसरं साल तसंच गेलं. चौथंही.

आता मुद्द्याचं सांगतो. मिरचीच्या बियाण्यात किती वर्षं जीव राहतो हे मी पुस्तकात शिकलेलो. साध्या गाडग्यात, घरच्या राखेत दोन वर्षं, फार तर तीन. परीक्षेत मला हा प्रश्न आलेला, मी बराबर उत्तर लिहिलेलं. आत्या दर साली बी टाकायची, दर साली धरायची. जुनं बी ठेवायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. म्हणून तिला ते माहीत नव्हतं. मला होतं. पहिल्या साली पट्टी उपटताना होतं, दुसऱ्या साली नको म्हणताना होतं, तिसऱ्या साली तर मला दिवस मोजता येत होते. मी सांगितलं असतं तर तिनं कुठंतरी, डोंगराकडच्या एखाद्या गावात जाऊन, कुणाच्या पाया पडून चार झाडं वाढवली असती. मी बोललो नाही. बोललो असतो तर पट्टी उपटतानाच मला हे माहीत होतं, हेही बोलावं लागलं असतं.

पाचव्या साली आमच्या शेजाऱ्यानं आणि नाल्याकडच्या बाकीच्यांनीही प्लॉट घ्यायचं थांबवलं. आत्या त्याच दिवशी कुदळ घेऊन पट्टीत गेली. तिनं वाफा केला, शेणखत चाळून घातलं, बी टाकलं, वर गवत पसरलं. मी फिरतीवर होतो. घरून फोन आला की आत्या बोलावते. गेलो तर ती वाफ्याशेजारी बसलेली. गवत बाजूला केलेलं. वाफा ओला, काळा आणि मोकळा. एक कोंब नाही.

"किती दिस लागतेत रे उगवायला?"

"आठ-दहा. फार तर पंधरा."

"आज सव्विसावा हाये."

मी खाली बसून बोटानं माती उकरली. दोन-तीन बिया सापडल्या. दाबल्या तर आतून नुसतं पाणी निघालं. आत्या माझ्या बोटांकडं बघत होती.

"मेलं व्हतं का ते आधीच?"

"हां."

"तुला म्हाईत व्हतं?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "तू शिकलेला हायेस," आणि वाफ्यावरचं गवत गोळा करायला लागली. त्यानंतरही आठ-दहा दिवस ती त्या वाफ्याला पाणी देत होती, असं आई सांगते.

मी बी शोधायला निघालो. खरं तर आत्याच्या नजरेपासून पळालो. आमच्या गावची एक लेक कुंभार पिंपळगावात दिली होती. लग्नात आत्यानं तिच्या पदराला बी बांधून दिलं होतं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बाजाराच्या दिवशी पोचलो. ती बाई आता पिकल्या केसांची झालेली. मला तिनं आधी चहा पाजला, मग मागच्या अंगणात नेलं. तीन झाडं होती.

"अक्काचंच बी हाये," ती अभिमानानं म्हणाली. "कधीच मोडू दिलं न्हाई मी."

मिरच्या लांब, सरळ, गुळगुळीत. टोक सुईसारखं. शेजारच्या शेतात पाकिटातल्या मिरचीचा पट्टाच्या पट्टा उभा होता. दर साली थोडं थोडं बिघडत गेलं असणार, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसलं नसणार. मी चार मिरच्या घेऊन आलो. आत्यानं एक मोडली, नाकाशी धरली आणि परत दिली.

"चांगली हाये. पण ही न्हाई."

मग मला शीतगृहातलं पाकीट आठवलं. ते आधी का आठवलं नाही, हे मलाही सांगता येणार नाही. मधल्या काळात आमची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली होती, जुने साहेब गेलेले. त्यांच्या जागेवर एक तरुण अधिकारी होता, बोलायला फार चांगला. त्यानं संगणकावर नंबर शोधला.

"सापडलं. पण ते आता नाहीये. कंपनी बदलली तेव्हा छाटणी झाली. उत्पादन कमी म्हणून काढून टाकलं."

"थोडंसुद्धा न्हाई?"

"नाही." त्यानं आणखी खाली बघितलं. "पण वाया नाही गेलं हां. वास आणि रंग चांगला होता म्हणून संकराला पराग देणाऱ्या एका नर जातीत वापरलेलं दिसतंय. म्हणजे आपल्या पाकिटांत थोडं थोडं असेल ते." मला बरं वाटावं म्हणून तो बोलत होता. मी धन्यवाद म्हणालो. जिना उतरून खाली आलो आणि स्टेशनच्या रस्त्यावर ऑटोवाले ओरडत असताना गाडीला किक मारायची सोडून तसाच उभा राहिलो. थोडं थोडं असेल. कुठल्या पाकिटात, कुणाच्या शेतात, कुणाच्या फोडणीत, हे कुणालाच कधी कळणार नाही. हे मी आत्याला सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

गावाचं म्हणाल तर गावात पैसा आला, हे खोटं नाही. पत्र्यांच्या जागी स्लॅब आले, शेडनेट उभे राहिले, पोरं शहरात शिकायला गेली. ते मीच आणलं असं लोक म्हणायचे आणि मला आवडायचं. नंतर कंपनीनं अशी जात आणली की तिच्या फुलात नरच नसतो. कळी फोडून नर काढायचं कामच संपलं. नुसती भुकटी लावली की झालं. ते बायकांना सांगायचं काम माझ्याकडंच आलं. प्लॉटच्या बांधावर चाळीस जणी बसल्या होत्या. मी म्हणालो, पुढल्या हंगामाला निम्म्याच लागतील. एकजण म्हणाली, "मंग बाकीच्यांनी काय करावं? खुरपायचं तर तणाच्या औषधानं बंद केलं, पीक सोंगायला मशीन आलं." मी म्हणालो, वरून आदेश आहे. काही घरं नवऱ्यांच्या मागं जालन्याच्या सळईच्या कारखान्यांकडं गेली. ज्या गेल्या त्यांतल्या बऱ्याच जणी मी शिकवलेल्या होत्या. त्यांच्या बोटांत जे कसब होतं त्याचं सळईच्या कारखान्यात काय करणार?

आत्या निम्म्यांत राहिली असती. तिचा हात तेव्हाही चांगला होता. तीच म्हणाली, माझं नाव काढ. बी उगवलं नाही त्या सालानंतर ती पट्टीकडं गेली नाही. पुढं वडिलांनी तिथंही शेडनेटचे खांब रोवले. तिला विचारलं का, मला माहीत नाही. बियाण्याच्या दिवसांत ओसरीवर कुणी यायचं नाही. ती सवयीनं त्या दिवसांत ओसरी सारवायची आणि आत जाऊन बसायची. मी सुट्टीला गेलो की माझ्याशी बोलायची, जेवलास का विचारायची, मायेत काही कमी केलं नाही. फक्त शेतीचं, बियाण्याचं एक अक्षर माझ्याशी पुन्हा काढलं नाही. मी बढतीचे पेढे नेले तेव्हा तिनं अर्धा पेढा तोंडात घातला आणि म्हणाली, "ऱ्हा सुखात."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती गेली. तीन दिवस ताप होता, भोकरदनच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. दहाव्याला माणसं बऱ्यापैकी आली. तिच्याकडं बी न्यायला येणाऱ्यांपैकी मात्र कुणी नव्हतं. काही वारल्या, काही थकल्या, काहींना कुणी कळवलंच नसेल. जेवणं चालू असताना शेजारच्या घरी नवीन आलेली सून माझ्या आईजवळ बसली होती. तिनं आत्याला एक-दोनदाच पाहिलेलं.

"काय करायच्या त्या?" तिनं विचारलं.

आई वाढता वाढता क्षणभर थांबली. मग म्हणाली, "क्रॉसिंगला जायच्या. मिरचीच्या."

मी दोन हातांवर बसलो होतो. आईला दुरुस्त करावं असं वाटलं. त्या सुनेला सांगावं, की ही बाई सगळ्या शिवाराला बी द्यायची. पण मग तिनं पुढं विचारलं असतं, ते बी आता कुठं आहे. मी ताटात बघत राहिलो. सून म्हणाली, "हां हां, आमच्या सासूबाई बी जायच्या की," आणि विषय दुसरीकडं गेला.